काटकीतल्या मुंग्या: आधी भोक शोधा, मग मुंगी

काटकीत राहणाऱ्या मुंग्या शोधायला निघालेला माणूस बहुतेकदा मुंग्याच शोधत बसतो आणि रिकाम्या हातानं परततो. यातल्या बऱ्याचशा मुंग्या ठळक रांगा लावून फिरत नाहीत, मातीचा ढीग घालत नाहीत. अनेक जातींमध्ये एका वसाहतीत शे-दोनशेच कामकरी असतात, त्यातल्याही बहुतेक घरातच. खोडावरून एखादी बारीक मुंगी एकटीच लगबगीनं जाताना दिसते आणि बघता बघता सालीआड नाहीशी होते. तिच्या मागे लागण्यापेक्षा तिचं घर शोधणं सोपं, कारण घर पळत नाही. घराची खूण म्हणजे वाळक्या काटकीवरचं एक लहानसं, गोल, स्वच्छ कडांचं भोक. त्याचा व्यास साधारण एक ते तीन मिलिमीटर.

हे भोक नजरेत बसलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे आत कोण आहे हे ओळखणं, आणि त्यातही भोकच पुष्कळदा पहिला पुरावा देतं.

घर बांधतं कोण?

बहुतेक वेळा मुंग्या नाहीत. काटकी पोखरण्याचं कष्टाचं काम भुंगेऱ्यांच्या अळ्या करतात. लांब मिशांचे भुंगेरे आणि साल पोखरणारे भुंगेरे मेलेल्या किंवा मरणाऱ्या फांदीवर अंडी घालतात. अळी आत लाकूड खात बोगदा करत जाते आणि तयार झालेला भुंगेरा भोक पाडून उडून जातो. मागे राहतो एक कोरडा, लांबट, एकच दार असलेला बोगदा. मुंग्या तो ताब्यात घेतात, भुसा बाहेर काढतात, दार मोठं वाटलं तर लाकडाचा चुरा किंवा माती लावून अरुंद करतात.

दुसरा मार्ग भेंडाचा. काही झुडपांच्या देठांत आणि फांद्यांत मधोमध मऊ, स्पंजासारखं भेंड असतं. फांदी मोडली, छाटली गेली किंवा टोकाकडून वाळली की ते उघडं पडतं, आणि ते कोरून काढणं अगदी लहान मुंगीलाही जमतं. एल्डर आणि रानटी ब्लॅकबेरी ही अशा झाडांची ठरलेली उदाहरणं. पोकळ बांबू, कीटकांमुळे झाडावर उठलेल्या आणि मग वाळलेल्या गाठी, बिया हेही याच यादीत येतात. उत्तर गोलार्धातल्या ओकच्या जंगलांत सोंडकिड्याची अळी ओकच्या फळातला गर खाऊन बाहेर पडते, आणि त्या पोकळ फळात टेम्नोथोरॅक्स नावाच्या दोन-तीन मिलिमीटरच्या मुंग्यांची राणी, अंडी, अळ्यांसकट अख्खी वसाहत मावते.

म्हणजे जिथे लाकूड पोखरणारे कीटक नाहीत, वाळक्या फांद्या लगेच तोडून नेल्या जातात आणि पालापाचोळा झाडून जाळला जातो, तिथे या मुंग्याही कमीच सापडणार. शोधायला जागा निवडताना मी सगळ्यात आधी हेच पाहीन. जंगल किती दाट आहे याला फार महत्त्व नाही. झाडावर अजून लटकलेलं मेलेलं लाकूड किती आहे, हे महत्त्वाचं.

झाडांची विविधताही मोजावी लागते. कोलंबियातल्या कॉफीच्या मळ्यांत संशोधकांनी एक सुटसुटीत प्रयोग केला होता आणि तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. काही पिशव्यांत एकाच झाडाच्या पोकळ काटक्या भरल्या, काहींत आठ वेगवेगळ्या झाडांच्या, आणि सगळ्या पाचोळ्यात ठेवून दिल्या. मिश्र काटक्यांच्या पिशव्यांत जास्त जातींच्या मुंग्या येऊन राहिल्या. मुंगीला काटकी म्हणजे काटकी, असं नसतं.

कोणती काटकी उचलायची

मेलेली, पण अजून झाडाला धरून असलेली. कोरडी, पण भुगा न होणारी. पेन्सिलीइतकी किंवा त्याहून थोडी बारीक. हातात घेतल्यावर दिसते त्यापेक्षा हलकी लागली तर आत पोकळी असण्याची शक्यता वाढते. ओली, काळपट, बुरशी चढलेली काटकी या मुंग्यांना सहसा चालत नाही. जमिनीवर पडलेल्या काटक्यांतही वसाहती असतात, पण तिथले रहिवासी बरेचदा वेगळ्या जातींचे असतात. त्यामुळे झाडावरच्या आणि पाचोळ्यातल्या काटक्यांची नोंद वेगळी ठेवावी.

मुंग्यांची आवडनिवड किती बारीक असते याचा अभ्यास टेम्नोथोरॅक्सवर खूप झाला आहे. यातली टेम्नोथोरॅक्स अल्बिपेनिस ही जात खडकांच्या फटींत राहते, आणि घर बदलायची वेळ आली की टेहळ्या मुंग्या नवीन जागांची पाहणी करतात. आत अंधार हवा, छताची उंची पुरेशी हवी, दार अरुंद हवं. जागा पसंत पडलेली मुंगी दुसऱ्या एकीला मागे घेऊन तिथे जाते. मागची मुंगी पुढचीला मिशांनी हात लावत राहते, संपर्क तुटला तर पुढची थांबते. नव्या जागेत पुरेशा मुंग्या जमल्या की मग बाकीच्यांना आणि अंडी-अळ्यांना उचलून नेलं जातं. आपल्याला यातून घ्यायचं ते एवढंच: चिरफळलेली, दोन्ही तोंडं उघडी असलेली, आत उजेड शिरणारी काटकी बाजूला टाका. एकच लहान दार असलेली उचला.

वेळ सकाळची बरी, हवा थंड असताना. तेव्हा बहुतेक कामकरी घरात असतात आणि काटकी मोडल्यावर सैरावैरा पळत नाहीत. कडक हिवाळ्याच्या प्रदेशात थंडीचे दिवस याहून सोयीचे, कारण पानं गळालेली असल्यानं भोकं सहज दिसतात.

काटकी मोडायची ती पांढऱ्या ताटावर किंवा पसरलेल्या पांढऱ्या कापडावर. आधी दोन्ही टोकांना हात लावून भोक नेमकं कुठे आहे ते पाहून घ्या, मग भोकापासून दूरच्या टोकाकडून थोडं थोडं मोडत या. एकदम मधोमध काडकन मोडली तर राणी नेमकी तुटलेल्या जागी असण्याचा धोका असतो. जाडसर काटकीला धारदार चाकूनं उभी चीर देऊन ती पुस्तकासारखी उघडता येते, पण बोटं सांभाळून.

घरं सापडतच नसतील तर उलट दिशेनं जाता येतं. पांढरी छत्री उघडून फांदीखाली उलटी धरायची आणि फांदीवर काठीनं दोन-तीन टोले द्यायचे. छत्रीत पडलेल्या मुंग्यांवरून त्या झाडावर कोण आहे ते कळतं. किंवा खोडावर साखरेच्या पाण्याचा थेंब ठेवून वाट पाहायची आणि पोट भरून परतणाऱ्या मुंगीवर नजर ठेवायची. ती जिथे नाहीशी होईल तिथे भोक आहेच. यासाठी चिकाटी लागते, आणि मान दुखते.

आत मुंग्याच आहेत का?

प्रत्येक भोकात मुंगी नसते. लहान सुतार-माश्या, एकट्या राहणाऱ्या गांधीलमाश्या, कोळी, सगळ्यांनाच अशी घरं हवी असतात. पोकळीत ओळीनं कप्पे पाडलेले आणि प्रत्येकात परागाचा गोळा असेल तर ती मधमाशीच्या नात्यातली कुणीतरी आहे. काटकी तशीच ठेवून द्या. आत षटकोनी बाजूंचे, खसखशीएवढे कडक दाणे भरलेले दिसले तर कोरड्या लाकडातली वाळवी. वाळवीची कंबर जाड असते आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ. मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या.

सगळ्यात मजेशीर फसवणूक कोळ्यांकडून होते. उड्या मारणाऱ्या कोळ्यांपैकी मिरमॅरॅक्नी आणि त्यांचे भाऊबंद हुबेहूब मुंगीसारखे दिसतात. पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत धरून चालतातही तसेच. पाय मोजा. आठ भरले तर तो कोळी.

कंबर बघा

मुंगी ओळखताना रंग आणि आकारमान यांना शेवटची जागा द्यावी. पहिला प्रश्न कंबरेचा. छाती आणि पोटाचा मोठा भाग यांच्यामध्ये किती गाठी आहेत, एक की दोन? दहापट मोठं दाखवणाऱ्या साध्या भिंगातून हे कळतं, आणि काटकीतल्या मुंग्यांची यादी इथेच अर्ध्यावर येते.

एक गाठ असेल तर मुख्यतः दोन उपकुळं उरतात. फॉर्मिसिनी उपकुळातल्या मुंग्यांच्या पोटाच्या टोकाला लहान गोल छिद्र असतं, बहुधा भोवती केसांची झालर असलेलं. त्यातून फॉर्मिक आम्ल फवारलं जातं. डॉलिकोडेरिनी उपकुळात तिथे आडवी फट असते. दोघींनाही नांगी नाही. घरात रेशमी कोषात गुंडाळलेले प्युपा (अळी आणि पूर्ण मुंगी यांच्यामधली अवस्था) दिसले तर फॉर्मिसिनीकडे कल धरावा, कारण डॉलिकोडेरिनीचे प्युपा उघडे असतात. उलट निष्कर्ष मात्र काढू नये. पानं विणून घर करणाऱ्या मुंग्या फॉर्मिसिनीच आहेत, पण त्यांचे प्युपा उघडेच असतात.

एका गाठीच्या या गटात काटकीची खरी शान म्हणजे कोलोबॉप्सिस. बरीच वर्षं यांना कॅम्पोनोटस या मोठ्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, धरलं जाई. 2016 मध्ये त्यांना पुन्हा स्वतंत्र प्रजाती मानलं गेलं. यांच्या सैनिक मुंगीचं डोकं पुढून कापल्यासारखं सपाट आणि गोल असतं. ती दारात उभी राहते आणि डोक्यानं भोक बुचासारखं बंद करते. आतली मुंगी बाहेर जायची असेल तर सैनिक मागे सरकते, बाहेरची ओळखीची असेल तरच दार उघडतं. काटकीवरचं भोक जवळून पाहिल्यावर ते लाकडाच्याच रंगाच्या चकतीनं बंद दिसलं, तर ती चकती म्हणजे कुणाचं तरी कपाळ असू शकतं.

दोन गाठी असतील तर मायरमिसिनी किंवा स्यूडोमायरमेसिनी. या दुसऱ्या उपकुळातल्या मुंग्या एकदा पाहिल्या की विसरत नाहीत: सडपातळ, लांब, मिशा आखूड आणि डोळे प्रचंड. अमेरिका खंडांत ती स्यूडोमायरमेक्स, आणि आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियात टेट्रापोनेरा. दोघींची शरीरं बोगद्यात सरळ घुसण्यासाठीच घडलेली वाटतात. त्यांच्या अळ्यांच्या डोक्याखाली एक खोलगट पिशवी असते, कामकरी मुंगी त्यात अन्नाची गोळी ठेवते. काटकी उघडल्यावर अशा अळ्या दिसल्या तर भिंगातून नक्की पाहा. मात्र हात लांब ठेवा. या मुंग्यांचा डंख चांगलाच लागतो, आणि टेट्रापोनेरा रुफोनायग्रा या तांबड्या-काळ्या आशियाई मुंगीच्या डंखानं गंभीर ॲलर्जी झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. कीटकदंशाची ॲलर्जी असलेल्यानं हा उद्योग एकट्यानं करू नये.

मायरमिसिनीत पसारा मोठा आहे. क्रेमॅटोगॅस्टर ओळखायला सोपी: पोट वरून पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं, आणि चिडली की ते पाठीवरून पुढे वळवते. असं करता येतं कारण तिची कंबर पोटाच्या वरच्या अंगाला जोडलेली असते, इतर मुंग्यांसारखी समोरून नाही. एवढी एक खूण प्रजाती ठरवायला पुरते. जात ठरवणं मात्र भल्याभल्यांना जड जातं.

टेम्नोथोरॅक्स लहान, संथ, छातीच्या मागच्या टोकाला दोन काटे असलेली. मग येतात कासवासारख्या चपट्या दोन प्रजाती, अमेरिकेतली सेफॅलोटीस आणि आफ्रिका-आशियातली कॅटॉलॅकस. दिसायला इतक्या सारख्या की नवखा गोंधळतो. दोघींच्या डोक्याच्या बाजूंना मिशा दडवायला खाचा असतात. खाच डोळ्याच्या वरून गेली असेल तर सेफॅलोटीस, खालून गेली असेल तर कॅटॉलॅकस. अर्थात तुम्ही कोणत्या खंडात उभे आहात हे माहीत असेल तर खाचा पाहायचीही गरज नाही.

सेफॅलोटीसच्या कित्येक जातींत सैनिकांच्या डोक्यावर चकती असते आणि त्याही दार डोक्यानं अडवतात. भुंगेऱ्यांनी पाडलेल्या भोकांपैकी जे आपल्या सैनिकाच्या डोक्याला बरोबर बसेल ते निवडण्याकडे त्यांचा कल असतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. भोकाचं माप घेऊन ठेवायचं ते यासाठीच. झाडावरून पडलेल्या सेफॅलोटीस हवेत दिशा बदलून पुन्हा खोडावर उतरतात, हे 2005 मध्ये जगासमोर आलं. मघाशी सांगितलेल्या छत्रीत त्या कमी पडल्या तर त्याचं कारण हेही असू शकेल. कॅटॉलॅकसचं नवल वेगळं. मलेशियातली कॅटॉलॅकस म्युटिकस जिवंत बांबूच्या पेरांत राहते. पाऊस आला की मुंग्या डोक्यांनी दार अडवतात, आणि तरीही पाणी शिरलं तर ते पितात आणि बाहेर येऊन सोडतात. सगळी वसाहत मिळून घर असं उपसून काढते.

पूर्व आफ्रिकेत काटेरी बाभळींच्या फुगीर, पोकळ काट्यांत राहणारी टेट्रापोनेरा पेंझिगी दार अडवण्याची युक्ती डोक्याऐवजी दाराच्या मापानं साधते. ती दार इतकं बारीक ठेवते की शेजारच्या काट्यांवर हक्क सांगणाऱ्या क्रेमॅटोगॅस्टर आत शिरू शकत नाहीत. तिथे मुंगी न पाहता नुसत्या भोकावरून घरमालक ओळखण्याचा प्रयत्न करता येतो.

फसगत होते ती इथे

रंगावर विसंबू नका म्हटलं त्याचं एक भन्नाट उदाहरण आहे. युरोपातली टेम्नोथोरॅक्स नायलँडेरी ही मुंगी तपकिरी असते, पण एखाद्या वसाहतीत काही कामकरी पिवळ्या दिसतात. ती वेगळी जात नाही. त्यांच्या पोटात एका पट्टकृमीच्या अळ्या असतात. हा कृमी मुंगीतून सुतार पक्ष्यात जातो. बाधित मुंग्या घरातच बसून राहतात, निरोगी बहिणी त्यांना खाऊ घालतात, आणि त्या निरोगी मुंग्यांपेक्षा कितीतरी जास्त जगतात. पिवळ्या मुंगीला स्वतंत्र नाव देण्याआधी थांबायचं ते यामुळे.

कधी याच्या उलट घडतं: एकाच काटकीत खरोखरच दोन जाती असतात. उत्तर अमेरिकेत टेम्नोथोरॅक्स अमेरिकानस ही मुंगी दुसऱ्या जातींच्या वसाहतींतून पिल्लं पळवून आणते आणि त्यांच्याकडून घरकाम करवून घेते. रुंद, चौकोनी डोक्याच्या थोड्या मुंग्या आणि त्यांच्याभोवती नाजूक डोक्याच्या पुष्कळ, असं दृश्य दिसलं तर दोन्हींचे नमुने घ्यावेत.

मिळत्याजुळत्या दिसण्याचंही नाटक चालतं. युरोपातली कोलोबॉप्सिस ट्रंकाटा आणि पोटावर चार फिकट ठिपके असलेली डॉलिकोडेरस क्वाड्रिपंक्टाटस दोघीही वाळक्या फांद्यांत राहतात आणि दुरून सारख्याच वाटतात. उपकुळं मात्र वेगळी. पोटाचं टोक पाहिलं की भांडण मिटतं.

आणि राणी सापडली नाही म्हणून वसाहत अपुरी समजू नये. अनेक जाती एकाच वेळी पाच-दहा काटक्यांत पसरलेल्या असतात, राणी त्यातल्या एखादीत, बाकी ठिकाणी नुसत्या कामकरी आणि पिल्लं. शेजारच्या काटक्याही पाहिल्याशिवाय मुंग्यांची मोजदाद करण्यात अर्थ नाही.

नमुना, फोटो आणि परतफेड

नक्की जात ठरवायची तर बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शक लागतो, आणि त्याखाली न हलणारी मुंगी. तीन-चार कामकरी पुरेत. सैनिक असेल तर एक तीही. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बारीक कुंचल्यानं मुंगी अलगद उचलता येते. तोंडानं हवा ओढून कीटक गोळा करायची नळी सोयीची असते, पण फॉर्मिक आम्ल फवारणाऱ्या मुंग्यांसाठी ती वापरणं म्हणजे घशाची आग ओढवून घेणं. पुढे डीएनए तपासायचा असेल तर अल्कोहोल 95 टक्क्यांचं घ्यावं. बाटलीत चिठ्ठी पेन्सिलीनं लिहिलेली टाकावी, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर जागा, तारीख, झाड, काटकीची जाडी, भोकाचं माप आणि काटकी झाडावर होती की खाली, एवढं हवंच.

फोटो काढणाऱ्यांनी तीन कोन विसरू नयेत: डोकं समोरून, शरीर बाजूनं, शरीर वरून. कॅलिफोर्निया विज्ञान अकादमीच्या अँटवेब या खुल्या संग्रहात जगभरच्या नमुन्यांचे फोटो याच तीन कोनांतून आहेत, त्यामुळे थेट ताडून पाहता येतं. नुसता वरून काढलेला सुंदर फोटो पुष्कळदा प्रजातीपर्यंतही नेत नाही, कारण कंबरेच्या गाठी आणि छातीवरचे काटे बाजूनंच दिसतात.

काम झालं की तुकडे पुन्हा जुळवून दोऱ्यानं बांधावेत आणि काटकी होती तिथेच अडकवावी. पुष्कळदा मुंग्या परत येतात, किंवा पिल्लं उचलून दुसरी जागा गाठतात. एका झाडावरच्या सगळ्या वाळक्या काटक्या मोडू नयेत, जिवंत फांद्यांना तर हातच लावू नये. संरक्षित जंगलात पाचोळ्यातली काडी उचलायलाही परवानगी लागू शकते.

काटक्या मोडायच्याच नसतील तर त्याहून सभ्य पद्धत आहे. बारीक बांबूचे किंवा भेंड काढलेल्या देठाचे वीतभर तुकडे घ्या. एक टोक बंद, दुसऱ्या टोकाला छिद्र. काहींना दोन मिलिमीटरचं, काहींना तीन-चारचं. ते फांद्यांना घट्ट बांधून काही महिने विसरून जा. मेक्सिकोतल्या चियापासच्या कॉफीच्या मळ्यांत संशोधकांनी अशाच बांबूच्या पोकळ्या टांगून काटकीतल्या मुंग्या अभ्यासल्या आहेत. आजूबाजूला घरांचा तुटवडा असेल तर नळ्या भरतात, आणि कोणत्या मापाच्या दारामागे कोण राहायला आलं हेही आपोआप नोंदवलं जातं. नळी उतरवताना आधी दारात कापसाचा बोळा खुपसायचा, मग गाठ सोडायची.